सोजराबाईंचा बोलणारा फोन

यवतच्या सोजराबाईंना नाक मुरडायला कारण लागत नसे. शेजारच्या मळ्यातला झेंडू? "फुलं हायती का कोबी?" पुढाऱ्याचं भाषण? "तोंडाची वाफ!" आणि सून शितल तर हक्काचीच. दोनदा दिवस राहून गर्भ पडला होता पोरीचा, झोप उडाली होती, पण बाईंच्या जिभेला सुट्टी नव्हती. "बघावं तवा मोबाईल. भूक तरी लागती का हिला?" शितल खाली मान घालून ऐकून घेई.

बाईंना स्वतःला अक्षरओळख नव्हती, पण अडत काहीच नव्हतं. बोट ठेवाल ती ओळ फोन मोठ्यानं वाचेल, अशी सोय बचत गटातल्या प्रांजलनं करून दिली होती. झेंडूवर करपा पडला की बाई फोनलाच विचारत. दोघींचे फोन मात्र स्टँडसमोरच्या दुकानदारानं चालू करून दिलेले. त्या शहाण्यानं गावभर करतो तेच केलं होतं, घरात एकच खातं. वेगळं काढायला त्याला पाच मिनिटं जास्त लागली असती ना! त्यामुळं एकीनं शोधलेलं दुसरीच्या फोनवर दिसायचं, आणि हे दोघींच्याही गावी नव्हतं.

एका दुपारी बाईंचं बोट आधी शोधलेल्यांच्या यादीतल्या एका ओळीवर पडलं. फोन सपाट आवाजात मरणाबद्दल बोलला. "मेलं बिघडलं वाटतं," म्हणून त्यांनी बोट खाली सरकवलं, तर पुन्हा तेच. तिसरी ओळ बोलली, "दोनदा गर्भ पडल्यावर झोप का लागत नाही." फोन बिघडला नव्हता. हे शितलनं विचारलेलं होतं.

मुलगा पृथ्वीराज कंपनीत, म्हणून त्या दिराकडं गेल्या. आनंदराव सोसायटीचे चेअरमन, त्यांना सगळंच कळतं. "वहिनी, फोन काढून घ्या आन् माहेरी धाडा. तिला काय बी विचारू नका, विचारलं की डोक्यात जास्त भरतं. वाच्यता तर नकोच, इलेक्शन तोंडावर हाय."

"इलेक्शन तुमचं, भावजी. जीव तिचा हाय," म्हणत बाई उठल्या.

त्या ओळीवर पुन्हा बोट दाबलं, तेव्हा सगळ्यात वर मदतीचा नंबर आला. एक चार चार एक सहा. बाईंनी तो लावला. पलीकडची बाई मराठीत बोलली. सरळ विचारा, मधे तोंड घालू नका, एकटी सोडू नका, जिवाला धोका होईल असं घरातून हलवा, डॉक्टरला दाखवा. "एवढंच व्हय?" बाईंनी नाक मुरडलं. संध्याकाळपर्यंत गोठ्यातलं, खोलीतलं नको ते सगळं त्यांनी भावाकडं नेऊन टाकलं.

एवढंच म्हणजे किती, ते सकाळी कळलं. झेंडूच्या एका ओळीला अलीकडून सासू, पलीकडून सून, तोडणीची ही रोजची रीत. अख्खी पाटी भरली तरी शब्द फुटेना. फुलांवरची नजर न काढता बाई शेवटी म्हणाल्या, "शितल, तुला मरावंसं वाटतंय का?"

शितलचा हात थांबला. "व्हय, आत्या."

दोन वेळचं मिळतंय तर कसली थेरं ही, असं जिभेच्या टोकावर आलं होतं. बाईंनी ते गिळलं आणि तिथंच सरीत बसकण मारली. शितल बोलत राहिली, रडत राहिली. मार्केटचा टेम्पो हॉर्न वाजवून निघून गेला. जाऊ दे मेला.

दुपारी दोघी दौंडच्या सरकारी दवाखान्याला निघाल्या. शितलचा फोन शितलच्याच हातात होता. आनंदराव पारावर बसले होते. "कुठं निघालाव?"

"सुनंचं मन आजारी हाय, डॉक्टरकडं चाललोय. सांगा गावाला," बाई मुद्दाम मोठ्यानं म्हणाल्या.

बसमध्ये त्यांनी आपला फोन काढला आणि बोट पार खाली, सगळ्यात जुन्या ओळीवर नेलं. फोन बोलला, "सासूला मनातलं कसं सांगावं." वरची ओळही तीच. तिच्या वरचीही.

बाईंनी शितलकडं पाहिलं. "मग काय म्हणाला फोन?"

"सासूची चांगली वेळ बघून बोला म्हणाला." शितल खिडकीबाहेर बघत होती. "मला ती वेळच घावली न्हाई, आत्या."

सोजराबाईंनी फोन पिशवीत टाकला. दौंड येईपर्यंत त्यांनी सुनेचा हात सोडला नाही.