खाली दवाखाना, वर परदेश

काही ठिकाणी किस्से शोधावे लागत नाहीत. ओलसर भिंतीला बुरशी धरते तसे आपसूक धरतात. नव्वदीच्या दशकात मी नौपाड्यात गुप्तेसाहेबांच्या इमिग्रेशन ऑफिसात कामाला होते. खाली डॉक्टरांचा दवाखाना, वर आम्ही. खालचे पेशंट औषध घेऊन बरे व्हायचे. आमचे वर्षानुवर्षं जिने चढायचे!

रोज तेच सांगायचं. परदेशात रक्ताचं कोणी नसेल, तर शिक्षण-अनुभवाच्या गुणांवर जा, नाहीतर तिथल्या माणसाशी लग्न करा. मग काही वर्षं तिथे राहा आणि नागरिकत्व मागा. संध्याकाळपर्यंत माझा घसा बसायचा. साहेब म्हणायचे, "कॅसेट भरून ठेवा, लावून देऊ!"

एकदा कल्याणचे एक मसाल्याचे व्यापारी आले. गोव्याच्या लोकांना आजोबांच्या नावावर पोर्तुगालचा पासपोर्ट मिळतो, असं त्यांनी कुठेतरी ऐकलेलं.

"तुमचं पोर्तुगिजांशी काही नातं?" साहेबांनी विचारलं.

"आहे ना! आमचे पूर्वज वसईला त्यांच्याविरुद्ध लढले!"

साहेबांनी डोळे मिटून घेतले. मला म्हणाले, "चहा सांगा."

डोंबिवलीचे जोशी केमिस्ट होते. कॅनडासाठी थोडे गुण कमी पडत होते, म्हणून ऐन पंचेचाळिशीत फ्रेंच शिकायला लागले. पण इकडे भाषेचे गुण वाढायचे, तिकडे वयाचे कमी व्हायचे! एकदा त्यांच्याबरोबर त्यांच्या मिसेसही आल्या, पेढे घेऊन. "ह्यांचा वाढदिवस," त्या कौतुकाने म्हणाल्या.

जोशी खवळलेच. "पेढे कसले वाटतेस? गुण गेले माझे!"

कॅनडा काही झालं नाही. पुढे ते डोंबिवलीतच फ्रेंचच्या शिकवण्या घ्यायला लागले. त्यांचे दोन विद्यार्थी मात्र कॅनडाला गेले.

मग नौपाड्यातल्याच एक बाई. सोबत त्यांचा तिशीचा मुलगा मंदार, मान खाली घालून बसलेला.

"तिकडची सिटिझन मुलगी केली की ह्याचा पासपोर्ट लगेच ना?"

"लगेच कसा?" मी म्हटलं. "आधी काही वर्षं संसार करावा लागतो. दोघं एकत्र राहतात की नाही, ऑफिसर चौकशी करतात."

"अगंबाई! म्हणजे खरंखुरं नांदायचं?"

ते ऐकून मंदार पहिल्यांदा हसला.

कोपरच्या एका टर्नरला अमेरिकेच्या व्हिसाची लॉटरी लावायची होती. त्यात भारताला जागाच नाही, आपले लोक तिकडे आधीच फार झालेत, असं मी सांगितलं. तो जरा विचार करून म्हणाला, "मॅडम, त्यातला एखादा कंटाळून परत येतो का, विचारून बघा ना!"

आणि चेंदणी कोळीवाड्यातले हिरादादा. त्यांचा जयवंत फ्रिज-एसीचा मेकॅनिक. त्याची कॅनडाची केस आम्हीच केलेली. तिथे तो नागरिक झाला तेव्हा हिरादादांनी आख्ख्या ऑफिसला जेवणाचा डबा आणलेला, पापलेटचा. तिकडचा झाला म्हणजे कायद्याने इथला उरला नाही, हे तेव्हा कोणाच्या मनातही आलं नाही.

पुढच्याच वर्षी जयवंतची आई अचानक गेली. आता त्याला स्वतःच्या घरी यायलाही व्हिसा लागत होता. तो मिळून पोरगा पोचेपर्यंत सगळं आटपलेलं.

आईचं दिवसकार्य होऊन जयवंत परत गेला. त्यानंतर एका दुपारी हिरादादा जिना चढून आले. खुर्चीत टेकले.

"साहेब, पोरगा फोनवर रडतो. त्याला परत इकडचा करायचा हाय. काय करावा लागंल?"

एरवी नियम घडाघडा म्हणणारे साहेब त्या दिवशी अडखळत बोलले. "आधी इथे येऊन राहावं लागेल, दादा. मग अर्ज करायचा. आईवडील इथले असले, की जरा सोपं जातं."

हिरादादांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"दोघंपन लागतान का, साहेब? आय तं गेली त्याची. नुसता बापूस चालंल?"