गोबरगॅसचं विरजण

नागावला सगुणाबाईंच्या परसात, माडांच्या सावलीत, गोबरगॅसची टाकी आहे. रोज सकाळी दोन म्हशींचं शेण पाण्यात कालवून त्या टाकीत सोडतात. आत गॅस साठला की वरची लोखंडी टोपी हळूहळू उचलली जाते. ती किती वर आलीय हे पाहूनच त्या भाकऱ्यांचं पीठ काढतात.

यंदा दिवाळीनंतर टोपी खाली बसली ती बसलीच.

मुलगा दिपेश घरच्या खोल्या पर्यटकांना देतो. गाड्या लावायला जागा पुरत नाही. बंद टाकी बुजवून तिथे फरशी घालू, म्हशीही विकू, असं त्याचं म्हणणं. नाताळापर्यंत गॅस आला तर राहू दे, म्हणाला. म्हशींशिवायची सकाळ सगुणाबाईंना डोळ्यांपुढे आणता येईना.

एकदा गोठा धुताना त्यांचं लक्ष हातातल्या फिनेलच्या बाटलीकडे गेलं. पाहुण्यांना वास येऊ नये म्हणून दिवाळीपासून त्या फिनेल वापरत होत्या आणि गोठ्यातलं पाणी उताराने थेट टाकीत जात होतं. बाटली धरून त्या गव्हाणीवर बसून राहिल्या. मग पालीकडच्या माहेरी, भाऊ बुधाजीला फोन केला. त्याचीही टाकी होती.

"फिनेल पाजलंस व्हय, बाय?" तो हसला. मग नीट सांगितलं. शेण कुजवणारे बारीक जीव आत मेलेत. टाकी बरीचशी उपस, माझ्या चालू टाकीतला शेणाचा काला ने, विरजणासारखा घाल.

टाकी उपसून झाल्यावर दिपेश कुरकुरत आईला पिकअपमधून घेऊन निघाला. परतताना पिंपं डचमळत होती, काचा खाली होत्या.

"माहेरशी लोक लाडू आनतात, आये. तू शेन आनलंस."

"लाडू खाऊन संपतात," सगुणाबाई म्हणाल्या. "ह्ये वाढतंय."

काला टाकीत ओतला, पण थंडीमुळे वाढायला वेळ लागला. आधी टोपी बोटभर हलली, पण गॅस पेटेना. शेगडीतून येणाऱ्या नुसत्या फुंकरीने काडी विझायची. सगुणाबाई साध्या पाण्याने गोठा धूत राहिल्या, कोमट पाण्यात शेण कालवत राहिल्या.

नाताळच्या आदल्या सकाळी दिपेशनेच शेगडीची चावी फिरवली. काडी लावली. ज्योत आधी पिवळट, थरथरती. मग निळी होऊन स्थिरावली. सगुणाबाईंनी त्याला बाजूला सारून तवा ठेवला.

दुपारी पुण्याचे पाहुणे आले. गाडी कुठे लावू, त्यांनी विचारलं. दिपेशने बाहेरच्या रस्त्याकडे हात केला.

"आत जागा न्हाय," तो म्हणाला. "टाकी हाय."