गच्चीवरची लाल चादर

मंडळी, आज दुपारी माझी चांगलीच फजिती झाली, ती सांगते.

नेव्हीतून निवृत्त होऊन आमचे हे, दोस्तांचे आण्णा, रहिमतपूरला आले. घरात मटण शिजलं की गच्चीवर लाल निशाण चढवायचे, लेकीला त्याला सलाम ठोकायला लावायचे. ते बघून रानातले त्यांचे दोस्त जेवायला हजर. हे गेले त्याला वर्ष झालं. तेव्हापासून मी मटण केलं नाही आणि दोस्तही फिरकले नाहीत.

आज मी लाल चादर धुऊन गच्चीवर वाळत घातली. तासाभरात तिघे दारात.

"वयनी, निशाण दिसलं. लय दिसांनी."

"अहो भाऊजी, ती चादर आहे. घरात आमटी-भात आहे."

"आमटी-भाताला लाल निशाण? आण्णांनी तुमचं कोर्टमार्शल केलं असतं."

हसले खरे, पण ओशाळून परत चपला घालायला लागले. मला ते बघवेना.

"बसा. निशाण चढल्यावर या घरातून उपाशी कुणी जात नाही."

लेक मटण आणायला निघाली. जाताना तिने चादरीला कडक सलाम ठोकला.

चादर केव्हाच वाळलीय. मी अजून काढलेली नाही. तुमच्या घरी गेलेल्या माणसाची अशी कुठली खूण आहे?