हाताची पाठ

चेकरकाका गाडीत बसले की पट्टा लावण्याआधी हाताची पाठ एसीच्या जाळीसमोर धरत. तळहात कधीच नाही. “तळहाताला कशाचीही सवय होते. पाठीला फसवता येत नाही,” असं ते म्हणत. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर तयार माल तपासला होता. पास मालावर पिवळा ठिपका, नाकारलेल्यावर लाल. निवृत्तीनंतर माल उरला नाही, तेव्हा ते माणसं तपासू लागले.

बेलवलीतल्या आमच्या इमारतीत ते दुसऱ्या मजल्यावर राहत, मी तळमजल्यावर. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला ते गेटवर थांबवत, स्वतः तीनदा वर-खाली जाऊन येत आणि मगच त्याला सोडत.

काकूंना डायलिसिस सुरू झालं तेव्हा काकांची नजर कमी झाली होती. म्हणून गाडीवर विजय आला, आमच्याच गल्लीतला. आठवड्यातून तीनदा उल्हासनगरची फेरी. भाड्याची गाडी काकांना मान्य नव्हती. अनोळखी माणसाच्या भरवशावर काकूंना बसवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. ओळखीच्या माणसावरही भरवसा होता असं नाही. विजय सकाळी “जयभीम, काका” म्हणे. काका “जयभीम” म्हणत आणि आधी किलोमीटरचा आकडा बघत.

त्या मे महिन्यात एसी बिघडला. कधी गार हवा, कधी नुसता वारा. एका शुक्रवारी डायलिसिसहून परतताना, अंबरनाथच्या ट्रॅफिकमध्ये गाडी तापली आणि काकूंची शुद्ध हरपली. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, “सोमवारी आधी गॅरेज. हवा गार झाली तर पुढे, नाहीतर मी घरी परत. या भट्टीत पुन्हा बसणार नाही.” एक फेरी चुकली तर काय होऊ शकतं, हे डॉक्टरांनी दोघांनाही सांगितलं होतं.

शनिवार-रविवारात दोन गॅरेज झाली. पहिल्याने गॅस संपल्याचं सांगितलं. काका म्हणाले, “गॅस म्हणजे पेट्रोल नाही जळून जायला. गेला असेल तर कुठून गेला ते दाखव.” त्याला दाखवता आलं नाही. दुसऱ्याने कॉम्प्रेसर बदलायला सांगितला. काकांनी विचारलं, “मग काल तासभर गार हवा कोणी दिली?”

दोन्ही प्रश्न बिनचूक होते. काकांच्या मते दोन्हींचं उत्तर मात्र विजय होतं. काकू दवाखान्यात असताना चार तास एसी लावून लोळायची याला हौस, आणि आता गॅरेजवाल्यांशी संगनमत करून हा काहीतरी ढिलं करून ठेवतो. सिद्ध झालं की त्याला काढायचं, हे त्यांनी मला सांगून ठेवलं होतं. सोमवारी मलाही गाडीत बसवलं. “साक्षीदार लागेल. तू बातम्या लिहितोस, नीट बघ.”

उल्हासनगरचा सिंधी मिस्त्री कमी बोलणारा होता. त्याने मीटर लावला. “गॅस पूरा है, अंकल.” मग इंजिनाजवळ कान नेला. “टिक नहीं कर रहा.” कॉम्प्रेसर सुरू होताना टिक असा आवाज यायला हवा, तो येत नव्हता. त्याने बोनेटखालच्या फ्यूजबॉक्सचं झाकण काढलं आणि बोटाच्या पेराएवढी एक काळी डबी अंगठ्याने दाबली. टिक. काकांनी आत वाकून हाताची पाठ जाळीसमोर धरली. गार. मिस्त्रीने अंगठा काढला. गरम.

“ये रिले बार-बार कौन निकालता है? निकाल-निकालके सॉकेट ढीला कर दिया.”

‘ढीला’ एवढंच ऐकून काका विजयकडे वळले. “बोल आता.”

मिस्त्रीने डबी उपसून खिडकीपाशी धरली. मागच्या सीटवरून काकू म्हणाल्या, “त्याला काय विचारताय? ही डबी चार तास माझ्या उशाशी बसून तुम्हीच हातात फिरवत असता. मला वाटलं, कारखान्यातलं काहीतरी असेल.”

दवाखान्यात पोचलं की काका ती डबी काढून खिशात टाकत आणि निघताना परत बसवत. विजयने मागे एसी लावू नये म्हणून.

“तुला माहीत होतं?” मी विजयला विचारलं.

“बघायचो ना. म्हटलं, काका चेक करत असतील.”

मिस्त्रीने सॉकेट घट्ट केलं. काकूंनी जाळीसमोर तळहात धरला आणि म्हणाल्या, “चला, उशीर होतोय.” दवाखान्याच्या दारात उतरल्यावर काका सवयीने बोनेटकडे गेले, तिथेच थांबले. “काचा लाव,” ते विजयला म्हणाले. “एसी चालू ठेवून बस.”

“नको काका. परत बिघडला तर नाव माझंच.”

दुसऱ्या दिवशी फ्यूजबॉक्सच्या झाकणावर ऑइलपेंटचा लाल ठिपका होता. विजयने विचारलं, “हा माझ्यासाठी का?”

“नाही. माझ्यासाठी.”

काकू पुढचा उन्हाळा पाहू शकल्या नाहीत. त्यानंतर काका मुलीकडे नाशिकला राहायला गेले. गाडी विजयच चालवणार होता. सामान चढवून झाल्यावर काकांनी खिडकीतून मला विचारलं, “किती नग झाले?”

“सात.”

“आठ,” विजय म्हणाला.

काकांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मागच्या सीटवर सामान उघडच दिसत होतं. मान वळवली असती तरी पुरे होतं.

“आठच असतील,” ते म्हणाले आणि त्यांनी पट्टा लावला.