गरीला लावायचे पेडवे

आत्माराम भाटकर कचेरीतल्या शिपायाच्या नोकरीतून सुटला, त्याच वर्षी त्याचा मुलगा शिवा दुबईला लागला, आणि मांडवीतल्या त्यांच्या घरातून पेडवे हद्दपार झाले.

पेडवे म्हणजे बोटाएवढी, काट्यांनी भरलेली मासळी. मासे विकणाऱ्या गंगुबाईच्या पाटीत ती कोपऱ्यात पडलेली असायची, आणि तिचा वाटा घेणारा माणूस आधी आजूबाजूला बघून घ्यायचा. आत्माराम तिच्यावरच वाढला होता. पण शिवाच्या पैशातून फ्रीज आला तेव्हा त्याची बायको मालन म्हणाली, "आता ह्या घरात पेडवे यायचे नाहीत. लोक म्हणतील, पोरगा दुबईला नि ह्यांच्या चुलीवर पेडवे."

"चूल कुठं राहिली? गॅस आहे."

"तेच सांगते मी."

मग बुधवारी पापलेट, रविवारी सुरमई. आत्माराम निमूट खायचा. पण सुरमईचा तुकडा समोर आला की साहेबाच्या घरी जेवायला बसल्यासारखं व्हायचं त्याला. सगळं चांगलं, पण हात काही मोकळा सुटायचा नाही.

चौऱ्याऐंशी सालच्या दसऱ्यानंतर एका सकाळी गंगुबाईच्या पाटीपाशी त्याचे पाय अडले. पेडवे नुकतेच आले होते, निळे-चंदेरी.

"घरी चालत नाहीत गो," तो म्हणाला.

"खायला कोण सांगतंय?" गंगुबाई वाटा लावता लावता म्हणाली. "गरीला लावायला न्या."

आत्मारामने जन्मात कधी गळ टाकून मासा गरवला नव्हता. पण संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे गरी, दोरी आणि शिसं आलं. गरी दोरीला बांधूनही गंगुबाईच्या नवऱ्यानेच दिली. मालनची काही हरकत नव्हती. जेटीवर निवृत्त साहेबमंडळीही गरवायला बसत. छंद शोभणारा होता.

तेव्हापासून रोज सकाळी तो वाटाभर पेडवे घेऊन जेटीवर जायचा. एक पेडवा गरीला लावून पाण्यात सोडायचा, दोरी धोंड्याला गुंडाळायचा, आणि बाकीचे घेऊन पलीकडच्या कातळाआड उतरायचा. तिथे नारळाची सोडणं पेटवायची, खिशातल्या पुडीतलं मीठ-तिखट चोळायचं आणि पेडवे हळदीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर ठेवायचे. पान परसातलंच असायचं.

"पान कशाला?" मालनने विचारलं होतं.

"उन्हात सुकतात पेडवे. सुकलेल्याला मासा तोंड लावत नाही."

दुपारी तो रिकाम्या हाताने घरी यायचा.

"आज पण नाही?"

"खाऊन जातात गो. लावलेलं सगळं खाऊन जातात."

ह्यात खोटं काही नव्हतं. कोण खाऊन जातं, एवढंच सांगायचं राहिलं होतं.

असे दोन महिने सुखात गेले. मग एके दिवशी, तो कातळाआड बोटं चाटत बसलेला असताना, जेटीवरून हाकाटी झाली. धोंडा दोरीसकट सरकत चालला होता. तो धावला, आणखी दोघे धावले, आणि तिघांनी मिळून तीन किलोची तांबोशी वर ओढली. लोक पाठ थोपटत होते. आत्मारामला मात्र घाम फुटला होता.

मालनने ती तांबोशी कापण्याआधी सगळ्या वाडीला दाखवली. शिवाच्या सासऱ्यांना, रावजींना, गुहागरला निरोप धाडला: रविवारी जेवायला या, आमचे हे ताजा मासा गरवून आणतात.

रविवारी आत्माराम आयुष्यात पहिल्यांदा मन लावून गरवायला बसला. नऊ वाजले तरी काही लागेना. मग तो सुरमई विकत घ्यायला गंगुबाईकडे पळाला, तर पाटीत पेडव्यांशिवाय काही नाही. तेच दोन वाटे घेऊन तो परत आला. काळजी लागली की त्याला भूकही लागायची. त्याने सोडणं पेटवली.

दुसरं पान उलगडत असताना अंगावर सावली पडली. मालन होती. घरी नारळ खवून तयार होता आणि मासा का येत नाही, ते बघायला ती आली होती.

"खाऊन जातात ते हेच का?" तिने विचारलं.

आत्मारामने पान हळूच तिच्याकडे सरकवलं. मालनने मागे वळून पाहिलं. कावळ्यांखेरीज कोणी नव्हतं. ती कातळावर टेकली, एक पेडवा शेपटीला धरला आणि अख्खा काटा एका ओढीत बाहेर काढला. पावसच्या खाडीवरची पोर ती, हात विसरला नव्हता. चौथा संपला तेव्हा म्हणाली, "तिरफळ नाही ह्यात."

"मागू कसं? घरात आणायची बंदी."

"पेडव्यांना होती. तिरफळाला कोणी घातली?" ती पदराला हात पुसत उठली. "आता रावजींना काय वाढू?"

दोघांनी एकदमच दुसऱ्या वाट्याकडे बघितलं.

रावजी गुहागरचे बागायतदार, पांढरी टोपी, मोजकं बोलणं. मालनने तिरफळ घालून केलेलं पेडव्यांचं तिखलं त्यांच्यापुढे ठेवलं आणि आत जाऊन दाराशी कान लावला. रावजींनी ताटाकडे बघितलं, आत्मारामकडे बघितलं. मग टोपी काढून बाजूला ठेवली.

"आमच्याकडे सात वर्षं झाली, येत नाहीत हे," ते हलक्या आवाजात म्हणाले. "बागायतदाराच्या घरी शोभत नाही म्हणते आमची मंडळी."

त्यांनी तीनदा भात मागून घेतला. तिसऱ्या भाताला टोप रिकामा झाला. हात धुताना ते म्हणाले, "उद्याची सकाळची गाडी मी सोडतो. मला तुमच्याबरोबर जेटीवर न्या. पेडवे जरा जास्त घ्या."

आत्माराम हो म्हणाला खरा, पण सकाळी जेटीवर बसल्या बसल्या गरी खडकात अडकून तुटली, आणि दुसरी त्याला बांधता येईना. बराच वेळ त्याची खटपट बघून रावजींनी दोरी त्याच्या हातातून घेतली आणि गाठ कशी मारायची ते दाखवलं. मालन तांदळाच्या भाकऱ्या घेऊन आली, तोवर त्याची तिसरी गाठ सुटली होती आणि रावजी चौथी शिकवत होते.