वादी दैकाचं धरण आणि पप्पांचा एकच प्रश्न

मस्कतला आलेला पाहुणा मॉल बघतो, मत्रहच्या बाजारात अत्तर घेतो. आमचे पप्पा पेपरातला धरणाचा फोटो घेऊन बसले. "कुरियातजवळ नवं धरण झालंय, पाणी मस्कतला आणणार म्हणे," मी वाचून दाखवलं. त्यांनी लगेच विचारलं, "आणि तिथल्या गावाचं काय?"

हा प्रश्न ते वसईहूनच घेऊन आले होते. आमच्याकडच्या विहिरींचं पाणी टँकरवाल्यांनी वर्षानुवर्षं उपसून विकलं आणि आमच्या केळीच्या बागेतली विहीर खारट झाली. आता बिल्डर बाग मागत होता. परत गेल्यावर त्याला उत्तर द्यायचं होतं, आणि पप्पा 'हो'कडे झुकले होते. मला रडू यायचं. पण बाग त्यांची, कष्ट त्यांचे, मी काय बोलणार?

शुक्रवारी सकाळी पप्पा, मी आणि माझा नवरा रेमंड निघालो. कुरियातपर्यंत रस्ता झकास, दीड तास पुरतो. तिथे मल्याळी हॉटेलात परोठा-ऑम्लेट आणि चहा घ्याच, तिघांचं रियालभरात भागतं. पुढे सूर शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर मझारा गावाची पाटी दिसली की वळा. टोपी विसरू नका, सावली औषधालाही नाही.

उघड्याबोडक्या डोंगरांत काँक्रीटची प्रचंड भिंत आणि तिच्यामागे हिरवंगार पाणी! मी तर बघतच राहिले. रेमंडनं इतिहास सुरू केला. पूर्वी पाऊस झाला की ही वादी, म्हणजे डोंगरातली नदी, भडकायची आणि पाणी समुद्रात वाहून जायचं. मागच्या वादळात तर कुरियातची दाणादाण उडाली. आणि मस्कत मात्र समुद्राचं पाणी गोडं करून पितं! म्हणून हे धरण.

"वीज किती होते?" पप्पा.

"वीज नाही पप्पा, ती इथे गॅसवर करतात."

"मग अर्धंच धरण," कोयना बघून आलेले पप्पा म्हणाले.

खाली मझाऱ्यात साईद नावाचे एक म्हातारबा खजुराचं रोप लावत होते. ओळख ना पाळख, आम्हाला बसवून कहवा दिला, खजूर दिले. हिंदी त्यांना मोडकंतोडकं येत होतं. पप्पांनी तोंडात खजूर असतानाच विषय काढला.

"पानी शहर को जायेगा. फिर तुम्हारा क्या?"

"पहले फलज, बाद में मस्कत." त्यांनी बागेतून वाहणाऱ्या पाटाकडे बोट दाखवलं.

"लिख के दिया क्या?"

म्हातारबा खो खो हसले. "मैं इधर है, रोज देखता. पानी कम, तो ऑफिस जाता, चिल्लाता!"

पप्पा हसले नाहीत. परतताना गाडीत "रोज देखता" एवढंच दोनदा पुटपुटले. मला वाटलं, ऊन लागलं.

ते वसईला गेले आणि पुढच्याच रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर त्यांचा फोन आला.

"बिल्डरला नाही म्हटलं, बाय. आपणच उठून गेलो तर टँकरसमोर उभं कोण राहणार?"

मला हुंदकाच फुटला. पप्पा मात्र खुशीत होते. म्हणाले, "रडतेस काय? आज सकाळीच एक टँकर परत पाठवला."