आईच्या चेहऱ्याचा गिलावा

मोरेश्वरचा दिवस पावणेपाचला सुरू व्हायचा. सव्वापाचला सायकलवर, सहाला ग्रोनिंगन या डच शहरातल्या कुठल्यातरी रिकाम्या घरात पहिली बादली कालवलेली. पुण्यात तो पीओपीची छतं करायचा. बायको योगिनीच्या मागोमाग इथे आला आणि गिलावाच करत राहिला. मी अकरा वर्षं त्याच्या जोडीला होतो. त्याची भिंत सरळ आहे का बघायला मी कधी पुन्हा ओळंबा लावला नाही.

योगिनी विद्यापीठात इटलीतल्या जुन्या भित्तिचित्रांवर संशोधन करायची. सातशे वर्षांपूर्वीची एका खेड्यातल्या चर्चची भिंत तिच्या खास जिव्हाळ्याची. क्रूसावरून उतरवलेला येशू, डोकं आईच्या मांडीवर. मागे तिरकी शिडी. शिडीच्याच उतारावर रडणाऱ्यांची डोकी, त्यामुळे नजर घसरत आईच्या चेहऱ्यावर येते. आईचं वस्त्र निळं, म्हणजे स्वर्गाचं. पण तो रंग सुक्या गिलाव्यावर दिलेला, म्हणून गळून गेलाय.

हे सगळं तिने फोटोंवरून शोधलेलं. तिच्या डोळ्यांत काचबिंदू होता. नजर आहे तोवर ती भिंत समोर उभं राहून बघायची, एवढंच तिचं मागणं.

ओल्या गिलाव्यावर रंगवायचं तर तो वाळायच्या आत, एका दिवसात रंगेल तेवढाच गिलावा थापायचा. रोजचा सांधा मागे राहतो. एका रविवारी जेवताना मोरेश्वरने फोटो उचलला.

"काम वरून खाली आलंय. पण आईचा चेहरा बघ. कड चारी बाजूंनी शेजारच्या गिलाव्यावर चढलीय. हा सगळ्यात शेवटी केलाय."

"का रे?" योगिनीने विचारलं.

"अवघड होता. ठेवला मागे."

"म्हणजे तो चित्रकार तुझ्यासारखाच!" ती माझ्याकडे वळली. "इटलीला जायचं काढलं की याचं एक छत राहिलेलं असतं."

आम्ही तिघेही हसलो. छत खरंच राहिलं होतं. मग दुसरं आलं. अर्धं काम सोडून जाणं त्याला जमत नसे. इटलीला जायचे पैसे केव्हाच साठले होते. त्यानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात योगिनीची नजर गेली.

"आता जाऊ," तो म्हणाला.

"भिंतीला हात लावू देतील तिथे?"

"नाही."

"मग कशाला?"

त्याने गावाबाहेर एक शेड घेतली. फोटोंवरून मापं काढली. कामावरून आला की शेडच्या भिंतीवर त्या चित्राचा एक तुकडा, वरून खाली. रंग नाही, फक्त ओल्यात खिळ्याने ओढलेल्या रेषा. बावीस दिवस लागले. मी चुना कालवून दिला, थापीला हात लावू दिला नाही त्याने.

वाळल्यावर योगिनीला आणलं. तिची बोटं शिडीवरून उतरत चेहऱ्यापाशी थांबली. कडेवरून फिरली.

"शेवटी केलास?"

"हो."

तिने हात काढला नाही. तो थापी पुसत राहिला. ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

इटलीच्या पैशांतून चुना आला, वाळू आली आणि त्या शेडचं भाडं गेलं.